पाटावर बसलेला कंप्युटर

“सेतू, घरात वस्तू आणायची तर चौघांस पुसून आण. आणि आणल्यावर पाचव्यास दाखवू नको.”

हे सांगणारे सेतुरामाचे वडील पद्मनाभराव देवाघरी गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांचा आवाज काही त्यांच्याबरोबर गेला नाही. सेतुरामाने दुकानात खिशाकडे हात नेला की तो आवाज हजर. वेदवतीला सून म्हणून आल्यावर हे लौकरच कळलं. घरातला वरवंटा फुटला, तेव्हा नवा कसा घ्यावा हे चौघांना विचारून होईपर्यंत तिने चटण्या शेजारणीकडे जाऊन वाटल्या होत्या. सासऱ्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र सेतुरामाच्या कानात कधी शिरला नाही. आणलेली वस्तू तो पाचव्यालाच काय, कुंभकोणमच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दाखवी.

सेतुराम सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्याचं आयुष्याचं तत्त्व एकच, मध्यम. भात मध्यम मऊ, कॉफी मध्यम कडू, बसमध्ये जागा मधल्या रांगेत. फार उंची वस्तू लोकांच्या डोळ्यांवर येते आणि फार हलकी आपल्याच डोळ्यांत सलते, असं तो म्हणे. अशा माणसाने मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचा कंप्युटर, तोही सुटे भाग निवडून घरी जुळवलेला, आणायचा ठरवला, म्हणजे त्यामागे तसंच कारण असणार. कारण त्याचा धाकटा भाऊ लक्ष्मीनारायण. घरात त्याला नाणू म्हणत.

नाणूची स्वतःची अँबॅसॅडर होती, बसस्टँडबाहेर भाड्याला उभी असे. नाचियार्कोविलला गरुडाच्या दर्शनाला म्हणा, तिरुविसनल्लूरच्या मठात म्हणा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्यायचं तर लोक नाणूलाच बोलवीत. वीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता. आणि हाच नाणू आडुतुरैला सायकलवरून पडला. बरं, सायकल धावत असती तरी एक वेळ होतं. ती उभी होती. मोटार सर्व्हिसिंगला दिलेली, म्हणून दुसऱ्याची सायकल घेऊन गेलेला. सीटवर बसून, एक पाय टेकून कुणाशी तरी गप्पा मारत होता, तो टेकलेला पाय चिखलात सरकला आणि मांडीचं हाड मोडलं.

प्लास्टर निघून दीड-दोन महिने झाले तरी नाणू उठेना. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालवा. काठी आणली, तीही चौघांना विचारून. नाणू भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वेदवतीला खरं दुखणं ठाऊक होतं. बाहेर पडलं की बसस्टँडवरचा प्रत्येक माणूस विचारणार, “कुठल्या लॉरीने ठोकलं हो?” आणि उत्तर द्यावं लागणार.

अपघाताच्या आधी एकदा तो एक लग्नाचं वऱ्हाड मद्रासला घेऊन गेला होता. तिथे नवऱ्या मुलाच्या घरी कंप्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता, तो त्याने तासभर खेळला. पुढे महिनाभर जेवताना तेच. “वहिनी, क्लच नाही, पेट्रोल नाही, मधे गाय येत नाही. अशी मोटार देवच चालवत असतील.” ते आठवून सेतुराम एक दिवस भावाच्या खाटेशी बसला. घसा खाकरला. कचेरीत बढतीचा कागद वाचावा तशा आवाजात म्हणाला, “नाणू, दसऱ्याला तुझ्या उशाशी मोटार धावेल. माझा शब्द.”

भिंतीकडून आवाज आला, “धावली तर मी तुळशीपर्यंत येईन, अण्णा. माझाही शब्द.”

कावळा पांढरा झाला तर, असं म्हणावं तसं तो म्हणाला होता. पण दुधाचा पेला घेऊन दारात उभ्या असलेल्या वेदवतीने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि तुळशीला जाऊन सांगितलं. तिचं रोजचं व्रत होतं, पहाटे उठल्यापासून तुळशीच्या प्रदक्षिणा पुऱ्या होईपर्यंत बोलायचं नाही. त्यामुळे तुळशीला ती सगळं मनातच सांगे, आणि तुळस कुणाकडे बोलत नसे. अशी ऐकणारी त्या आळीत दुसरी नव्हती.

आता चौघे.

पहिले समोरचे जानकीराम, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेतून जाणारी कुठलीही गोष्ट आपल्याच अखत्यारीत येते अशी त्यांची समजूत. “आधी स्टॅबिलायझर घे,” ते म्हणाले. “कंप्युटर मागून घेतलास तरी चालेल.”

“पण कंप्युटरच नसेल तर स्टॅबिलायझर कशाला, मामा?”

“वीज तरी स्थिर राहील की नाही घरात?”

दुसऱ्या पलीकडच्या घरातल्या त्रिपुरसुंदरी मामी. त्यांचे जावई अमेरिकेत. जावयांचा फोन रविवारी येई आणि सोमवार ते शनिवार मामी तो फोन आळीला ऐकवीत. “रॅम भरपूर घ्यावी, जावई म्हणतात. रॅममध्ये कुचराई केली तर मोटार मधेच थांबते.”

“रॅम म्हणजे नक्की काय हो, मामी?” वेदवतीने हळूच विचारलं.

“ते मी पुसलं नाही. आय्-एस्-डी होता.”

तिसरे नरसिंहराव, भांड्यांच्या दुकानाचे मालक. त्यांनी कंप्युटर पाहिलेला नव्हता, पण धातू पाहिला होता. “आतलं काय ते कोण बघतो? पेटी वाजवून घे. बोटाचं पेर आपटायचं आणि ऐकायचं. नादाला भरीव लागली तर घे, टिणटिण वाजली तर दुकानातच ठेव. घागर असो की कंप्युटर, माल नादाला खोटा बोलत नाही.” हे सेतुरामाला फार पटलं. ज्या विषयातलं काहीच कळत नाही त्यात एखादी कळणारी गोष्ट सापडली, की माणूस तिला मिठी मारतो.

चौथे पांडुरंगराव, सेतुरामाचे मामा. त्यांनी पंचांग उघडून खरेदीचा दिवस दिला, जुळवणीचा दिला, आणि सुरू करायचा मुहूर्त विजयादशमीला सकाळी लौकरचा काढला. “उशीर केलास तर राहुकाळ. मग जे होईल ते माझ्यावर घालू नको.” जे झालं ते त्यांच्यावर कुणी घातलं नाही. तेवढा त्यांचा शब्द राखला गेला.

सेतुराम मद्रासला गेला. रिची स्ट्रीटवर म्हणे ओळीने दुकानं, आणि प्रत्येकात सुटे भाग कढईतल्या भज्यांसारखे मांडलेले. प्रोसेसर तीन प्रतींचे होते, त्याने मधला घेतला. हार्ड डिस्क मधली, मॉनिटर मधला. चित्रं झरझर दाखवणारं जे कार्ड असतं ते दोनच प्रतींचं होतं. मधलं नाही म्हटल्यावर तो बराच वेळ अस्वस्थ राहिला, तेव्हा दुकानदाराने कुठून तरी तिसरं, अगदीच टाकाऊ, आणून ठेवलं आणि गिऱ्हाइकाचं चित्त थाऱ्यावर आणलं. सगळं काचेच्या टेबलावर उघड्यावरच जोडून त्याने खेळ घालून दाखवला. मोटार धावली. सेतुरामाने बोटं डोळ्यांना लावून नमस्कार केला. मग सगळं पुन्हा सुटं होऊन खोक्यांत गेलं.

राहिली हे सगळं आत बसवायची पेटी. ती दुकानदार देत होता, पण सेतुरामाने पेर आपटलं आणि ती टिणटिण वाजली. तो बाहेर पडला. त्या भर बाजारात एक मध्यमवयीन, कपाळावर नाम रेखलेला गृहस्थ दुकानामागून दुकान पेट्यांवर बोट आपटत, कान लावून ऐकत हिंडत होता. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात त्याला हवा तो नाद सापडला. पेटी जुन्या घडणीची, जड, खणखणीत. दुकानदाराने ती एवढ्या तत्परतेने बांधून दिली, की शंका यायला हवी होती.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मॉनिटर पाहिला. टीव्ही असेल तर टपावर गेला पाहिजे, नियम आहे. सेतुराम नियमांचा माणूस. हा टीव्ही नाही, असं त्याने घरची मराठी बाजूला ठेवून शांतपणे तमिळमध्ये सांगितलं. कंडक्टरने विचारलं, यात चित्र दिसतं का? दिसतं. ते हलतं का? हलतं. मग हा टीव्ही कसा नाही ते सांगा. उभी बस आणि आतले पन्नास लोक उत्तराची वाट पाहू लागले. एक आजीबाई म्हणाल्या, बिचाऱ्याच्या मुलीचं लग्न असेल, जाऊ द्या. सेतुरामाला मुलगी नव्हती. पण त्याने मान खाली घातली, आणि मॉनिटर मांडीवर घेऊन, कधीही न होणाऱ्या लग्नाबद्दल सगळ्यांचे आशीर्वाद स्वीकारत तो कुंभकोणमला उतरला.

जुळवणीच्या दिवशी चारही सल्लागार नाणूच्या खोलीत हजर. पाचवा कुणी नको म्हणून वेदवतीने दार लोटलं, तर खिडकीत तीन डोकी आली. नाणू भिंतीकडे तोंड करूनच होता.

बाकीचे भाग ज्यावर जोडायचे तो मदरबोर्डच पेटीत बसेना. बोर्डाची भोकं एकीकडे, पेटीचे खिळे दुसरीकडे. आडवा धरला, उभा धरला, उलटा धरला. पेटी जुन्या पद्धतीची आणि बोर्ड नव्या. वीज जोडायची सोय बोर्डावर दोन्ही तऱ्हांची होती, बसायची एकाच तऱ्हेची.

“भोकं पाडू,” जानकीराम म्हणाले. “माझ्याकडे ड्रिल आहे.”

“बोर्डाला की पेटीला?”

“ज्याला पडतील त्याला.”

“जावई म्हणतात...” मामींनी सुरुवात केली.

“पेटीत खोट नाही,” नरसिंहराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “वाजवून बघा कुणीही. बोर्ड लहान झालाय.”

सगळ्यांनी एकेकदा पेटी वाजवून पाहिली. नाद खरंच उत्तम होता. सेतुराम हातात बोर्ड धरून उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे पाहवेना. लहानपणी पद्मनाभराव त्याला गणित घालीत आणि उत्तर चुकलं की काही न बोलता पाटीकडे पाहत राहत; तसंच कुणी तरी आत्ता पाहत असावं असा तो दिसत होता. वेदवती स्वयंपाकघरात गेली, जेवायचा सागवानी पाट घेऊन आली आणि खाटेजवळच्या मेजावर ठेवला.

“दुकानात उघड्यावर मांडून चालला म्हणालात ना?” ती म्हणाली. “मग इथे बसू दे त्याला. पाहुण्याला पाटच देतो आपण.”

असा तो कंप्युटर पाटावर बसला. कार्डं हलू नयेत म्हणून बाजूला काड्यापेट्यांचे टेकू दिले. नरसिंहरावांच्या पेटीत विजेचा ठोकळा आणि हार्ड डिस्क एवढीच राहिली, आणि ती पेटी शेजारी थोरल्या व्याह्यासारखी रुसून बसली. चालवून पाहावा असं सेतुरामाच्या फार मनात होतं, पण मामांनी पंचांगावर हात ठेवला. मुहूर्त दशमीचा.

मधे आली सरस्वतीपूजा. त्या मुलखात नवमीला पुस्तकं आणि हत्यारं पूजेत बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुनःपूजा होईपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. वेदवतीने सेतुरामाची पेन्सिल-खोडरबर ठेवली, पोथ्या ठेवल्या, मदरबोर्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक ठेवलं. नाणूच्या अँबॅसॅडरची किल्लीही ठेवली. दरवर्षी गाडीला हार आणि चाकाखाली लिंबं असत. या वर्षी गाडी ताडपत्रीखाली होती. किल्लीला कुंकू लावताना तिने खाटेकडे पाहिलं नाही.

मग ती पाटाकडे वळली. कंप्युटर हे हत्यारच, आणि हत्यार पूजेविना राहिलं तर रुसतं, एवढं तर कुणालाही कळतं. तिने उगाळलेल्या चंदनाचं गंध घेतलं आणि प्रत्येक भागाला बोटबोट लावलं, वर कुंकू. घाई केली नाही. बोर्डावरच्या चिमुकल्या पंख्याला जुईचा सर घातला. मामींची ती रॅम दोन उभ्या पट्ट्यांची होती. मोटार मधेच थांबू नये म्हणून त्या पट्ट्यांना तिने जरा जास्तच, दाट, ओघळेलसं गंध लावलं. शेवटी तीर्थ शिंपडलं. अशी साग्रसंगीत पूजा झालेला मदरबोर्ड त्या जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

विजयादशमीला मुहूर्त एवढ्या लौकरचा होता, की पुनःपूजा झाली तरी वेदवतीच्या प्रदक्षिणा व्हायच्याच होत्या. म्हणजे तिचं मौन सुटलेलं नव्हतं. खोली भरली. सेतुरामाने देवाचं नाव घेतलं, तिने पंख्यावरचा सर काढेपर्यंत थांबला, आणि बटण दाबलं.

टीं. टीं. टीं. टीं.

मॉनिटर काळाच. कंप्युटर एका सुरात ओरडत राहिला.

“हे सुरू झाल्याचं चिन्ह,” पांडुरंगराव म्हणाले.

“लाइन एंगेज आहे,” जानकीराम म्हणाले. “थोडं थांबून परत लाव.”

बंद करून परत लावला. टीं, टीं. इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात ओरडण्यावर एक पान होतं आणि त्याचा सारांश असा, की जिथून घेतला तिथे विचारावं. मामींनी अमेरिकेत किती वाजले असतील याचा हिशेब सुरू केला. नरसिंहरावांनी पेटी वाजवली. सेतुरामाने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा, आणि मग हात मागे घेतला. भिंतीकडे तोंड केलेल्या भावाच्या पाठीकडे त्याने एकदा पाहिलं. “कॉफी घेऊ या,” तो म्हणाला. आवाज मध्यमाच्याही खाली गेला होता. त्याच्यामागून सगळे ओसरीवर गेले, आणि तिथे चूक कुणाची याची फार सभ्य चर्चा सुरू झाली.

वेदवती तिथेच राहिली. बोलणारे गेले आणि न बोलणारी दोघं उरली. रॅमच्या पट्टीखालच्या खाचेतून काही तरी पांढरट वाळून बाहेर आलेलं तिला दिसत होतं. ते चंदन होतं. कुठल्या देवळाच्या झाडाचं, हेही तिला ठाऊक होतं. सांगायचं तर व्रत मोडणार, आणि न सांगावं तर दसऱ्याचा शब्द.

तिने जाऊन खाटेच्या कडेवर टकटक केलं. नाणूने मान वळवली. वेदवतीने कंप्युटरकडे बोट केलं. मग स्वतःच्या कपाळावर अनामिका टेकवली, ते बोट रॅमच्या पट्टीकडे नेलं आणि हात जोडले.

नाणूने तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. “वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही ह्याला गंध लावलं?”

तिने मान हलवली.

“आतपर्यंत?”

तिने पुन्हा हलवली. नाणूच्या खांद्यांना काही तरी झालं. आधी तिला वाटलं उचकी आहे. मग तो हसायलाच लागला, उशीत तोंड घालून, आडुतुरैच्या चिखलानंतर पहिल्यांदा. “मी उभ्या सायकलवरून पडलो, आणि तुम्ही कंप्युटरला आंघोळ घातली. आपल्या घराण्यात हे असंच चालायचं.”

आणि असं म्हणत तो उठून बसला. कुणी न सांगता. वेदवतीने घाईने पाठीशी उशी दिली.

“प्लग काजळला की इंजिन असंच खोकतं. आधी मागची वायर काढा. आता त्या पट्ट्या द्या.” तिने चुडा मागे सारून खटके सोडवले आणि पट्ट्या त्याच्या हातात दिल्या. “पुसायला काय आहे? ओलं नको.”

पुनःपूजा होऊन मोकळं झालेलं खोडरबर तिने आणून दिलं. नाणू पट्टीचे सोनेरी दात घासत बसला. खाच साफ करायला तिने देवांची चांदी घासायचा कोरडा ब्रश आणला. दोघं सणाच्या दिवशी नारळ खवावा तशी काम करत राहिली. पट्ट्या परत बसल्या. बटण नाणूने दाबलं.

एकच, बारीक, समाधानाचा टीं आला. आणि मॉनिटरवर अक्षरं.

खेळाचा आवाज ओसरीवर गेला तेव्हा चर्चा वाक्याच्या मध्यावर थांबली. सगळे आत धावले. नाणू उशीला टेकून, कळफलक मांडीवर घेऊन बसला होता आणि पडद्यावर लाल मोटार धावत होती. पण कशी? डाव्या कडेने. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत. वळणावर वेग उतरवून.

“अरे, दाब ना, पुढे काढ त्याला,” जानकीराम म्हणाले.

“त्याला घाई आहे, जाऊ दे. गाडीत म्हातारी माणसं असली म्हणजे?”

“गाडीत कोण आहे, नाणू? शर्यत आहे ती.”

“पेट्रोल कोण भरणार, मामा, तुम्ही?”

नाणू शेवटून पहिला आला. शर्यत संपली तेव्हा त्याने पडद्यावरच्या गाडीकडे बोट दाखवलं. “बघा अण्णा. ओरखडा नाही.”

सेतुराम चष्मा पुसत होता. “मध्यम कार्ड घेतलं म्हणून हो,” तो म्हणाला. “फार वेगाचं घेतलं असतं तर ठोकली असतीस.” मामा म्हणाले, मुहूर्त. मामी म्हणाल्या, रॅम. नरसिंहराव पेटीवर एकदा हळूच पेर आपटून तृप्त झाले. गंधाचं नाव कुणी काढलं नाही. नाणूनेही नाही.

मग मामींना गाडी चालवून बघायची हुक्की आली. त्यांनी पहिल्याच वळणावर ती उलट फिरवून बाकीच्या मोटारींच्या अंगावर नेली, आणि खोलीत एकच कल्लोळ झाला. सगळी डोकी पडद्याकडे. “डावीकडे, मामी,” “ब्रेक,” “ब्रेक कुठाय हो?” त्या गडबडीत वेदवती तांब्या घेऊन मागच्या अंगणात आली. प्रदक्षिणा व्हायच्या होत्या. तुळशीला पाणी घालून ती फेऱ्या घालू लागली.

शेवटच्या फेरीला तिच्या कानावर काठीचा आवाज आला. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी तो थांबला. मग एक श्वास, आणि पाय बाहेर पडल्याचा आवाज, अंदाज घेत, वळणावर वेग उतरवून.

वेदवतीने मान वळवली नाही. वाटेत ठेवलेली बादली तेवढी तिने जाता जाता पायाने बाजूला सारली, आणि मौन सुटायला उरलेली ती एक प्रदक्षिणा सावकाश, फार सावकाश घालू लागली.